कढीपत्ता कोण खातंय? आयनॅचरलिस्ट ॲप दीड वर्ष वापरल्यावर

आधी रेटिंग सांगून टाकते, कारण मला स्वतःला रिव्ह्यूच्या शेवटापर्यंत स्क्रोल करायचा जाम कंटाळा येतो. ॲपला पाचपैकी साडेचार. त्याच्यासाठी म्हणून ऑनलाइन मागवलेल्या मोबाईलच्या मॅक्रो लेन्सला पाचपैकी दोन, ते पण तिच्यासोबत आलेला पाऊच बरा आहे म्हणून. आता ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा.

मी ठाण्यात राहते, चौथा मजला, गॅलरीत सात-आठ कुंड्या, त्यातली कढीपत्त्याची कुंडी सासूबाईंची. म्हणजे ती कुंडी आमच्या घरात पण नाव त्यांच्या सातबाऱ्यावर असं समजा. दीड वर्षापूर्वी जूनमध्ये त्या कुंडीतली पानं गायब व्हायला लागली. रोज सकाळी फोडणीला पानं तोडायला जावं तर शेंड्याकडच्या नुसत्या काड्या. पहिला संशय माझ्यावर, दुसरा कामवाल्या मावशींवर, मग एक दिवस माझ्या मुलीला दिसलं की पानावर पक्ष्याची शिट पडलीय आणि ती शिट चालतेय. आई म्हणाल्या तंबाखूचं पाणी मारूया, उद्या साफ. मुलगी रडायला लागली. मग मी मध्ये पडून म्हणलं की एक दिवस थांबा, आधी बघू तर दे आहे काय ते.

ऑफिसमधला एक कलीग हे ॲप वापरतो म्हणून डाउनलोड केलं. फोटो काढला, ॲपने पेपिलिओ नावाचा गट सुचवला, म्हणजे शेपटीवाली मोठी फुलपाखरं असतात त्यातलं कोणीतरी. म्हणजे ती चालणारी शिट ही लहान अळी होती. त्याच कुंडीतल्या एका मोठ्या हिरव्या अळीला मी झाडूच्या काडीने हळूच टोचलं तर डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर आली, ओली, चमकणारी, आणि असा काही वास सुटला की बस. मुलगी किंचाळली, मी पण किंचाळले, आई गॅसवरची भाजी सोडून आल्या. त्या शिंगांचा फोटो मी नीट काढू शकले नाही कारण हात हलला, पण जो आला तो टाकला. रात्री जेवून बघते तर कोणीतरी अनोळखी माणसाने खाली लिहिलेलं, पेपिलिओ पॉलिटिस, कॉमन मॉर्मन. सोबत दोन ओळी की ती शिंगं म्हणजे अळीचं शत्रूला घाबरवायचं हत्यार आहे, आणि ही अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर जगते, कढीपत्ता त्याच कुळातला. मला माहीतच नव्हतं की कढीपत्ता आणि लिंबू नातेवाईक आहेत. चाळीस वर्षं फोडणीत टाकतेय.

तर ॲप नेमकं काय करतं ते थोडक्यात. तुम्ही जंगली प्राणी, पक्षी, किडा, झाड, बुरशी, काहीही दिसलं की फोटो टाकायचा, नाहीतर आवाज रेकॉर्ड करून टाकायचा. तारीख आणि जागा फोटोतून आपोआप येते. कॉम्प्युटर एक अंदाज देतो, तो घ्या नाहीतर स्वतःचा टाका, नाहीतर नुसतं कीटक असं लिहून सोडून द्या, चालतं. मग जगभरातले लोक येऊन बघतात आणि आपापलं मत देतात. निदान दोन मतं पडली आणि दोन तृतीयांशपेक्षा जास्त लोक एका जातीवर आले की ती नोंद रिसर्च ग्रेड होते. आणि ती पुढे, नोंदीचं लायसन्स मोकळं ठेवलेलं असेल तर, जीबीआयएफ नावाच्या जागतिक डेटाबेसमध्ये जाते. त्यांचं ऑफिस कोपनहेगनला आहे. म्हणजे आमच्या सासूबाईंची कढीपत्त्याची तक्रार शेवटी डेन्मार्कला पोचली, हे त्यांना सांगितल्यावर त्या पंधरा मिनिटं खूश होत्या.

फुकट आहे. जाहिराती नाहीत, प्रीमियम घ्या म्हणून मागे लागत नाही. सुरुवात २००८ साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या तिघांच्या मास्टर्सच्या प्रोजेक्टमधून झाली, मग ते बरीच वर्षं कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसकडे होतं, नंतर नॅशनल जिओग्राफिक पण जोडीला आलं, आणि २०२३ पासून स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. नोंदी २० कोटींच्या वर गेल्यात. देणगीवर चालतं, मी या वर्षी थोडी दिली, एका पिझ्झाएवढी.

आता लोकांचा गैरसमज होतो तिथे येते. बहुतेक जण हे नाव सांगणारं ॲप म्हणून घेतात. फोटो टाकला, नाव आलं, विषय संपला. नुसतं नावच हवं असेल तर त्यांचंच सीक म्हणून दुसरं ॲप आहे ते घ्या, लॉगिन लागत नाही, तुमची नोंद कुठे जात नाही, लहान मुलांना तेच द्या. मुख्य ॲपवर स्वतःहून खातं उघडायला १३ वर्षं पूर्ण लागतात, माझी मुलगी दहाची आहे म्हणून ती सीकवर आणि मी इथे. पण खरं सांगू का, नाव कळणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. मोठा भाग म्हणजे तुमची चूक काढायला कुठेतरी कोणीतरी बसलेलं आहे, आणि ते चूक काढताना का ते सांगतात. ऑफिसात मला कोणी इतक्या नीट चूक सांगितली असती तर आज मॅनेजर असते.

माझी गाजलेली चूक सांगते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सोसायटीच्या एक्झोऱ्याच्या कुंपणावर एक फुलपाखरू, काळे पंख, मागच्या पंखांवर मधोमध पांढरे ठिपके, कडेला लाल. माझ्याकडे फुलपाखरांचा एक पोस्टर व्हॉट्सॲपवर आलेला होता, त्यात हुबेहूब असंच चित्र आणि खाली कॉमन रोझ. म्हणलं आपल्याला येतंय आता. कॉम्प्युटरचा सल्ला उघडून बघितलाच नाही, स्वतः टाइप केलं कॉमन रोझ आणि झोपले. सकाळी तीन जणांची असहमती. एकाने लिहिलेलं, पंख बघू नका, अंग बघा. कॉमन रोझचं अंग लाल असतं. हिचं काळं आहे. ही कॉमन मॉर्मनची मादी.

मी फोटो मोठा करून बघितला तर खरंच, अंग काळंकुट्ट. मग त्याने पुढे सांगितलं ते वाचून मी लोकलमध्ये एकटीच हसत होते. कॉमन रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात, ती वेल विषारी, ते विष अळीच्या अंगात साठतं आणि फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी एकदा चोच मारून धडा घेतात आणि पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनची काही मादी फुलपाखरं तोच रंग घेतात, विष नाही अंगात काही नाही, नुसता वेष. मादीची एकूण तीन रूपं असतात, एक साधं नरासारखं, एक कॉमन रोझसारखं, एक क्रिमझन रोझसारखं. म्हणजे आमच्याच कढीपत्त्यावर जेवून मोठी झालेली बाई दुसरीची साडी नेसून कुंपणावर बसलेली आणि तिने पक्ष्यांना फसवायच्या आधी मला फसवलं. ती नोंद मी डिलीट केली नाही. माझं पहिलं मत खोडलेलं तिथे दिसतं, असू दे.

सुरुवातीच्या अजून दोन घोळांबद्दल सांगायला हवं म्हणजे तुमचे वाचतील. पहिला घोळ, मी पहिल्या आठवड्यात उत्साहात सोसायटीच्या बागेतली त्रेचाळीस झाडं टाकली. बोगनवेल, क्रोटॉन, अरेका पाम, जास्वंद, सगळं. लावलेलं झाड आणि आपोआप उगवलेलं झाड यात ॲप फरक करतं, लावलेल्यावर तशी खूण करायची असते, मी केली नव्हती. कोणीतरी शांतपणे एक-एक करून त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नोंदींवर खूण करत गेलं. मला त्रेचाळीस नोटिफिकेशन. लाज वाटली. आता मी कंपाउंडच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ टाकते, गटाराच्या कडेची एरंड टाकते, ती खरी जंगली. पाळलेल्या मांजराचं पण तेच, टाकू नका असं नाही पण ती नोंद कॅज्युअल होते, पुढे जात नाही.

दुसरा घोळ आमच्या ह्यांचा. ह्यांनी मला खूश करायला खातं उघडलं आणि माझ्या प्रत्येक नोंदीवर ॲग्री दाबत गेले. यांना बुलबुल आणि साळुंकी यातला फरक विचारला तर म्हणतात दोन्ही उडतात. पण माझं एक मत, ह्यांचं एक मत, झाली दोन, झाली रिसर्च ग्रेड! सतरा नोंदी अशा वर गेल्या, त्यातल्या चार चुकीच्या निघाल्या. एक कोळी तर असा होता की ज्याचं नाव फोटोवरून कोणी सांगूच शकत नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर समोर बसवून एक-एक मत मागे घ्यायला लावलं. तुमच्या घरात कोणी असा प्रेमळ असेल तर आधीच सांगून ठेवा.

कोळ्यांवरून आठवलं. गॅलरीच्या ग्रिलवर एक उडी मारणारा कोळी राहतो, काळा, अंगावर पांढरे पट्टे, नखाएवढा पण नाही. बोट जवळ नेलं की पळत नाही, तोंड वळवून बघतो. खरंच बघतो, पुढचे दोन डोळे मोटारच्या हेडलाइटसारखे आणि बाकीचे सहा डोक्यावर इकडेतिकडे. मी बोट डावीकडे नेलं की तो डावीकडे. मला वाटलं आपल्याला नवीन जात सापडली, कारण मी वाचलेलं की ठाणे-कल्याण भागातून २०२१ साली उडी मारणाऱ्या कोळ्याची नवीन जात जगासमोर आली आणि तिचं नाव हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्यावरून आयसियस तुकारामी ठेवलं. ज्या पोलिसाने २६/११ ला कसाबची रायफल धरून ठेवली त्याच्या नावाचा कोळी आपल्या भागात आहे, हे वाचल्यापासून मी प्रत्येक कोळ्याकडे आदराने बघते. पण माझा निघाला प्लेक्सिपस, घराघरात असतो तो. आणि तोसुद्धा नुसता प्लेक्सिपसपर्यंत, पुढचं नाव नाही, कारण माझे फोटो सगळे वरून काढलेले आणि कोळ्यांच्या बऱ्याच जाती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. पहिल्यांदा चिडचिड झाली की अरे नाव द्या ना. आता वाटतं हेच बरं आहे. माहीत नाही तर माहीत नाही म्हणतात, रेटून नाव देत नाहीत.

याच कोळ्यापायी ती लेन्स घेतली. कंपनीचं नाव देत नाही. मोबाईलला चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्स, सातशेच्या आत मिळाली, फोटोत माशीचे डोळे वगैरे दाखवलेले. तर प्रॉब्लेम एक, माझ्या फोनला मागे तीन कॅमेरे आहेत, लेन्स एकावरच बसते आणि फोन शहाणपणा करून जवळचा फोटो दिसला की दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो, मग स्क्रीनवर अर्धा चिमटा. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करायला मला तीन दिवस लागले. प्रॉब्लेम दोन, फोनचं कव्हर काढल्याशिवाय चिमटा धरत नाही. कव्हर काढा, चिमटा लावा, सरळ करा, तोवर किडा घरी जाऊन जेवून झोपलेला असतो. प्रॉब्लेम तीन आणि हा सगळ्यात मोठा, फोकस यायला किड्यापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर जावं लागतं. मुंगळा, गोगलगाय, झोपलेला पतंग यांना चालतं, बाकी कोण थांबणार. परत करायला गेले तर विक्रेता म्हणतो सात दिवस उलटले, आणि त्यातले पाच दिवस माझे पार्सल उघडायला वेळ नाही म्हणून गेले, तर बोलणार काय. त्यापेक्षा साधा फोन, दोनदा झूम, आणि सकाळी साडेसहाची वेळ, किडे गारठलेले असतात, बसून राहतात. कोळी तसाही बसतो, त्याचा फोटो साध्या कॅमेऱ्याने जास्त चांगला आला.

लोकेशनबद्दल बायकांनी तरी नीट वाचा. माझ्या पहिल्या शंभर नोंदी घराच्या गॅलरीतल्या. म्हणजे नकाशावर माझ्या बिल्डिंगवर शंभर टिंबं, कोणीही उघडून बघा, ही बाई इथे राहते आणि रोज सकाळी साडेसहाला गॅलरीत असते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कलीगने सांगितलं. प्रत्येक नोंदीला ओपन, ऑब्स्क्युअर्ड, प्रायव्हेट असे तीन पर्याय असतात, घरच्या नोंदींना मधला द्या. मग ॲप खरी जागा लपवून साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी टिंब टाकतं. आता माझा कोळी कधी खाडीत असतो, कधी भिवंडीकडे. ज्या जाती धोक्यात आहेत त्यांची जागा ॲप स्वतःहूनच अशी धूसर करतं, शिकाऱ्यांनी आणि हौशी फोटोवाल्यांनी तिथे जाऊन उभं राहू नये म्हणून. हे चांगलं आहे, कारण आमच्या भागात येऊरच्या बाजूला बिबट्या दिसला की लोक आधी व्हिडिओ काढतात मग पळतात.

दुसरं, शेजारच्या काकू मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात, हे बघ काय आलंय, टाक तुझ्या त्या ॲपवर. टाकता येत नाही हो काकू. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून तारीख आणि जागा निघून गेलेली असते, आणि बघितलं तुम्ही तर नोंद तुमच्या नावावर हवी. शेवटी काकूंनाच खातं उघडून दिलं. त्यांनी गच्चीवर पहिल्याच आठवड्यात जे टाकलं ते मला दीड वर्षात दिसलं नाही, ओलिअँडर हॉकमॉथ, हिरव्या-गुलाबी नक्षीचा मोठा पतंग, त्याच्या अळ्या कण्हेरीवर आणि तगरीवर असतात आणि काकूंकडे देवपूजेसाठी चार तगरी आहेत. मी जळले. अजून जळतेय.

पतंगांचं वेड लागलं ते जुलैत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंगांचा आठवडा पाळतात, करायचं एवढंच की रात्री पांढरी चादर टांगायची, मागे दिवा लावायचा आणि कोण येतं ते बघायचं. आमच्याकडे चादरीवरून महाभारत झालं कारण मी लग्नातली पांढरी चादर घेतली, ती सगळ्यात पांढरी होती. पण दोन तासांत त्या चादरीवर तीसएक वेगवेगळे पतंग! पांढऱ्यावर पांढरा, जो फक्त सावलीने दिसतो, वाळक्या पानासारखा, मेणबत्तीच्या ज्योतीसारखा, एक तर अगदी तुटलेल्या काडीसारखा. बहुतेकांची नावं अजून लागली नाहीत. पतंगांची नावं लावू शकणारे लोक मुळात मूठभर, त्यांच्याकडे नोंदींची रांग मोठी, सहा महिने वाट बघायची तयारी ठेवा. हा ॲपचा दोष म्हणायचा की आपला मला कळत नाही. फोटो काढणारे लाख आहेत, ओळखणारे थोडे. मी आता रोज जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं दुसऱ्यांच्या नोंदी बघते आणि जे नक्की येतं तेवढंच ओळखते. लालबुड्या बुलबुल, दयाळ, भारद्वाज, तांबट, घार. एवढं केलं तरी मोठ्या लोकांचा वेळ पतंगांसाठी वाचतो.

अर्धा गुण कापला तो कशाला ते आता. एक, मराठी नावं. पक्ष्यांना बऱ्यापैकी आहेत, फुलपाखरांना थोडीफार, कोळी-पतंग-भुंगे यांच्याकडे आलात की शुकशुकाट. नावं भरायची सोय आहे पण आपणच भरत नाही, त्यामुळे हा अर्ध्यातला अर्धा गुण मी आपलाच कापते. आपल्याकडे टाकळा, आघाडा, दुधी, माका ही नावं असलेली रोपटी रस्त्याच्या कडेला उभी आहेत आणि फोनवर दिसतं लॅटिन.

दोन, या नोंदींवरून काय आहे ते कळतं, काय नाही ते कळत नाही. हे मला ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं ॲप वापरायला लागल्यावर समजलं. ईबर्डवर तुम्ही पंधरा मिनिटं उभं राहून दिसले ते सगळे पक्षी मोजून यादी देता, त्यामुळे यादीत चिमणी नसेल तर चिमणी दिसली नाही हीसुद्धा माहिती होते. इथे तसं नाही. मी कावळा टाकत नाही कारण रोजच दिसतो, आणि नवरंग दिसला की सात फोटो टाकते. उद्या कोणी माझ्या नोंदींवरून हिशोब केला तर वाटेल ठाण्यात कावळ्यांपेक्षा नवरंग जास्त. नकाशा उघडून बघा, नॅशनल पार्कवर टिंबांचा सडा, खाडीच्या फ्लेमिंगो पॉइंटवर सडा, आणि मधल्या चाळी, एमआयडीसी, नाले, डेपो, तिथे कोरं. तिथे काय प्राणी नाहीत? मुंगूस सगळ्यात जास्त मी कुठे बघितलं असेल तर बस डेपोच्या मागच्या भंगारात. म्हणून आता मुद्दाम कावळे टाकते. लोक हसतात. असू दे.

तीन, हा ॲपचा दोष नाही पण बोलल्याशिवाय राहवत नाही. एप्रिलच्या शेवटी सिटी नेचर चॅलेंज असतं, चार दिवस, कुठल्या शहरात जास्त नोंदी होतात याची गंमत. २०१६ मध्ये लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोघांत सुरू झालं, आता जगभरची शहरं असतात, आपली पण. तिकडे तेव्हा वसंत असतो. इकडे एप्रिलच्या शेवटी दुपारी बारा वाजता मी उपवनच्या तळ्यावर घामाच्या धारा पुसत एका सरड्याचा फोटो काढत होते आणि तो सरडा माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की बाई तुला काम नाही का. हेच चॅलेंज जुलैत ठेवा, आम्ही एका गच्चीवरून तुम्हाला हरवून दाखवतो.

आता तांबटाचं सांगून थांबते. सोसायटीच्या गेटजवळच्या गुलमोहराला एक वाळकी फांदी होती, तिला खालच्या बाजूने गोल भोक, दोन रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं. फेब्रुवारीत तांबटाची जोडी ते कोरत होती, लाकडाचा भुसा खाली पार्क केलेल्या स्कूटरवर पडायचा आणि स्कूटरवाला वॉचमनकाकांना ओरडायचा. मी जाता-येता नोंदी टाकत गेले. कोरताना, आत जाताना, चोचीत वडाचं फळ घेऊन येताना, एकूण अकरा नोंदी. वॉचमनकाका मला फोन करून सांगायचे, मॅडम आज दोघं आलेत. मार्चच्या अखेरीला पावसाळ्याआधीची छाटणी म्हणून ठेकेदाराची माणसं आली. मी ऑफिसात होते. काकांनी अडवायचा प्रयत्न केला म्हणे, पण त्यांना सांगितलं परवानगी आहे आणि वाळकी फांदी तर आधी कापायची असते. संध्याकाळी आले तर फांदी नाही. मी कमिटीच्या ग्रुपवर अकराच्या अकरा फोटो तारखांसकट टाकले, तेव्हा बराच वेळ कोणी काही बोललं नाही, मग सेक्रेटरींनी लिहिलं की आधी दाखवायला हवं होतं तुम्ही. आणि ते बरोबर बोलले, मी जगाला दाखवत होते, ग्रुपवर नाही. आता फेब्रुवारी ते मे कुठलीही फांदी कापायच्या आधी मला आणि काकांना विचारायचं असं मीटिंगमध्ये ठरलंय, लेखी नाही, तोंडी, बघू.

कढीपत्त्याच्या कुंड्या आता दोन आहेत, एक आईंची, एक अळ्यांची. आईंच्या कुंडीवर अळी दिसली की त्या स्वतः पानासकट उचलून दुसऱ्या कुंडीत ठेवतात आणि मला ओरडून सांगतात, आली गं तुझी डेन्मार्कवाली.

लेन्स कोणाला हवी असेल तर सांगा, पाऊचसकट देते. ठाणे स्टेशनवर येऊन घेऊन जायची.